क्वाडचे हेडलाइट वाढवताना: उजेड किती, त्याआधी उजेड कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ४०० सीसीची, फ्युएल इंजेक्शनची स्पोर्ट क्वाड (हँडल धरून चालवायची चार चाकांची ऑफ-रोड गाडी), पुढे ३० वॉटचे दोन हॅलोजन. रात्री पुरेसं दिसत नाही म्हणून तुम्ही त्याच हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब टाकलेत. आता चाकांपुढची जमीन पांढरीशुभ्र दिसते, पण तीस-चाळीस पावलांपलीकडे आधीपेक्षाही कमी दिसतंय. मित्राचा सल्ला आहे की बंपरवर १२० वॉटचा लाइट बार, म्हणजे एलईडींची लांब आडवी पट्टी, बसव. बॅटरी तेवढं झेलेल का आणि सुरुवात कुठून करायची, हे तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून येतील. ते एलईडी बल्ब काढा आणि हॅलोजन परत बसवा. मग गाडीचं चार्जिंग मोजा. हॅलोजनच्या होल्डरपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचतंय का ते बघा. हेडलाइटचा कोन नीट लावा. एवढं झाल्यावर स्वतःची लेन्स असलेल्या छोट्या एलईडी दिव्यांची एक जोडी घ्या आणि हेल्मेटवर एक हलका दिवा लावा. लाइट बारची गरज बहुतेक तुम्हाला पडणारच नाही.

तुम्हाला जे दिसलं तो भास नाही. हेडलाइटचा आरसा आणि काच एका ठराविक जागेवरच्या फिलामेंटसाठी घडवलेली असते. फिलामेंट म्हणजे जेमतेम काही मिलिमीटर लांबीची तार, आणि ती आरशाच्या नाभीवर असली तरच झोत बांधलेला बाहेर पडतो. अप्पर-डिपरसाठी दोन तारा असतात त्या वेगवेगळ्या जागी, म्हणूनच स्विच दाबल्यावर झोत वरखाली होतो. एलईडी बल्बमध्ये त्या जागी दोन बाजूंना चिकटवलेल्या चिप्स आणि मधे धातूची पट्टी असते. पट्टीच्या जाडीमुळे चिप नाभीपासून सरकते, आणि बल्ब फिरवून चिप्स डाव्या-उजव्या बाजूंना आणल्या नसतील तर उजेड आरशाच्या भलत्याच भागावर पडतो. एकूण उजेड वाढतो खरा, पण तो विस्कटतो. लांब जाणारा गाभा पातळ होतो आणि बराचसा प्रकाश चाकांपुढे सांडतो.

हा सांडलेला उजेडच नुकसान करतो. समोरच्या पाच-दहा मीटरमध्ये लख्ख चमक असली की डोळ्याची बाहुली आवळते आणि नजर त्या चमकत्या पट्ट्यात अडकते. लांबचा अंधुक दगड मग दिसत नाही. मनाला मात्र वाटतं की केवढा उजेड आहे! त्या भरवशावर माणूस वेगही वाढवतो. नव्या दिव्यांवर खूश असलेले चालक पहिल्याच रात्री खड्ड्यात गेलेले मी पाहिले आहेत, आणि बहुतेक वेळा कारण हेच निघालं.

म्हणून दिवे निवडायच्या आधी स्वतःला विचारा की मला किती लांबचं दिसायला हवं. हिशोब सोपा आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. अंधारात काहीतरी आडवं दिसून ब्रेकवर बोट जाईपर्यंत दीड सेकंद धरा, तेवढ्यात २१ मीटर गेले. ब्रेक दाबल्यावर मोकळ्या मातीवर क्वाडचा वेग दर सेकंदाला फक्त ४ मीटर प्रति सेकंद एवढाच कमी होतो असं धरलं, तर पुढे अजून २४ मीटर लागतात. एकूण ४५. ताशी ३० ला हाच आकडा २१ मीटर येतो आणि ताशी ७० ला ७६ मीटर. झाडीतल्या अरुंद पायवाटेवर तुम्ही ताशी ३० च्या वर फारसे जाणार नसाल तर लांब फेकणारा दिवा निरुपयोगी आहे, तिथे रुंद उजेड हवा. मोकळ्या वाळूत किंवा माळावर ७० ने जाणार असाल तर ८० मीटरवर दगड ओळखू यायला हवा. दोन्हींसाठी एकच दिवा शोधायला जाऊ नका.

अंतराबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. ४० मीटरवर जेवढा उजेड आहे तेवढाच ८० मीटरवर हवा असेल तर झोताची तीव्रता चौपट लागते. चौपट वॉट खर्च करून हे करता येतं, किंवा तोच उजेड अरुंद झोतात बांधून करता येतं. क्वाडवर वॉट मोजकेच असतात, त्यामुळे आपल्याकडे मुख्यतः दुसराच रस्ता उरतो.

आता चार्जिंग. इथे घाई करू नका, कारण सगळ्या सुधारणेची मर्यादा इथेच ठरते.

मोटारीसारखा मोठा अल्टरनेटर क्वाडला नसतो. इंजिनच्या बाजूच्या कव्हरमध्ये स्टेटरच्या कॉइल असतात आणि त्यांच्याभोवती चुंबकं लावलेलं फ्लायव्हील फिरतं. इंजिनचे फेरे जितके, वीज तितकी. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्टेटरचे वॉट दिलेले असतात, पण ते मिनिटाला साधारण ५,००० फेऱ्यांना मिळणारे. आयडलला त्यातला निम्माही भाग मिळेलच असं नाही. लहान स्पोर्ट क्वाडमध्ये हा आकडा दोनशेच्या आसपास किंवा त्याहून कमी असू शकतो. विंच ओढणाऱ्या मोठ्या युटिलिटी क्वाडमध्ये तो बराच जास्त असतो. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, ऐकीव आकड्यावर जाऊ नका.

समजा तुमचा स्टेटर २४० वॉटचा आहे. फ्युएल पंप, इंजेक्टर, इग्निशन आणि कंट्रोल युनिट मिळून सुमारे ७० वॉट धरा. रेडिएटरचा पंखा ७०. दोन हेडलाइट ६०. मागचा दिवा आणि मीटर १०. झाले २१०. म्हणजे पूर्ण फेऱ्यांवर, पंखा चालू असताना, हातात ३० वॉट उरतात. आणि रात्रीचं चालवणं कसं असतं? हळू, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर. रेडिएटरला वारा लागत नाही, त्यामुळे पंखा वारंवार चालू. वीज सर्वात कमी आणि खर्च सर्वात जास्त, अशी ती वेळ. तिथे १२० वॉटचा बार लावला की तूट बॅटरीतून भरून निघते. समजा तूट ८ अँपिअरची आहे आणि बॅटरी १० अँपिअर-तासांची. कागदावर सव्वा तास मिळतो, पण एवढ्या जोरात उपसली तर लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण क्षमता देत नाही, शिवाय स्टार्टर फिरवायला काही शिल्लक लागतं. अर्ध्या-पाऊण तासात दिवे मंदावू लागतात, आणि व्होल्टेज फार खाली गेलं की पंप आणि इग्निशनलाही पुरत नाही. कार्ब्युरेटरची किकस्टार्ट गाडी तरी ढकलत-ढकलत परत येते. इंजेक्शनची गाडी जागेवर बसते.

मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. इंजिन चालू करून रेस ४,००० च्या आसपास धरली की १३.८ ते १४.५. आता हेडलाइट लावा, पंखा आपोआप चालू होईपर्यंत थांबा आणि पुन्हा बघा. चालवताना ज्या फेऱ्यांवर असता त्या फेऱ्यांवर आकडा १३.२ च्या वर टिकत असेल तर तुमच्याकडे अजून वाव आहे. १२.८ च्या खाली जाऊन हळूहळू उतरत असेल तर बॅटरी रिकामी होतेय. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर आणखी उत्तम. बॅटरीच्या वायरभोवती लावला की करंट आत जातोय का बाहेर, हे सरळ कळतं. आणि एक छोटा व्होल्टमीटर हँडलपाशी कायमचा बसवा. माझ्या मते रात्री फिरणाऱ्या क्वाडवर कुठल्याही दिव्याआधी ही वस्तू यावी.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण अनेक जण जास्त दिव्यांनी इंजिनवर ताण येईल म्हणून घाबरतात. बऱ्याच क्वाडमध्ये शंट प्रकारचा रेग्युलेटर असतो. स्टेटर सतत शक्य तेवढी वीज बनवत राहतो आणि जास्तीची वीज रेग्युलेटर अर्थकडे वळवून उष्णतेत घालवतो. रेग्युलेटरला मागे उष्णता सोडणाऱ्या धातूच्या उभ्या पट्ट्या (फिन्स) असतात त्या त्यासाठीच. त्यामुळे शिल्लक असलेली वीज दिव्यात गेली तर इंजिनला फरक पडत नाही. शिल्लक किती आहे, एवढाच प्रश्न असतो.

जुनी टू-स्ट्रोक गाडी असलेल्यांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. यामाहा बॅन्शीसारख्या गाडीत बॅटरीच नसते आणि हेडलाइट थेट एसीवर चालतो. त्यावर डीसीचा एलईडी लावला तर तो लुकलुकतो किंवा जळतो. अशा वेळी एसीचं डीसी करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर लागतो. लाइटिंग कॉइलचं एक टोक आत बॉडीला जोडलेलं असेल तर ते सोडवून दोन्ही टोकं बाहेर काढावी लागतात, म्हणजे लाटेचे दोन्ही अर्धे वापरता येतात. हे काम स्टेटर उघडून करायचं असतं, तेव्हा कॉइल बांधणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. तुमच्या गाडीला याची गरज नाही.

आता वायरिंग, कारण फुकट मिळणारा उजेड इथे दडलेला असतो. मूळ हेडलाइटचा करंट बॅटरीतून निघून किल्लीच्या स्विचमधून, हँडलच्या अप्पर-डिपर स्विचमधून, चार-पाच कपलरमधून बल्बपर्यंत पोचतो. वायर बारीक, संपर्क जुने. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो, म्हणजे १० टक्के व्होल्टेज गेलं की जवळजवळ ३० टक्के उजेड जातो. हेडलाइट चालू ठेवून, रेस धरून, आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या होल्डरच्या मागे मोजा. बॅटरीवर १३.८ आणि होल्डरवर १२.४ असं मी कित्येक गाड्यांवर पाहिलंय. त्या गाड्यांचा तीस टक्के उजेड वायरमध्येच मरत होता.

उपाय म्हणजे रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूज, तिथून रिलेच्या ३० क्रमांकाच्या टर्मिनलला. ८७ वरून दिव्याला. ८५ आणि ८६ पैकी एक अर्थला आणि दुसरा मूळ हेडलाइटच्या वायरला. जुनी वायर आता फक्त रिले ओढते, त्याला एक-पंचमांश अँपिअरही पुरतं. मात्र जोडण्याआधी मीटरने तपासा, कारण काही गाड्यांत स्विच पॉझिटिव्हऐवजी अर्थ तोडतो आणि मग जोडणी उलटी करावी लागते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. फ्यूजच्या अलीकडे वायर घासली तर तिला कोणी वाचवू शकत नाही, आणि पेट्रोलची टाकी तिथून लांब नसते.

वायरचा आकार अंदाजाने घेऊ नका. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ३९ मिलिओहम, अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरचा साडेसात. जाऊन-येऊन ३ मीटर वायर आणि १० अँपिअर करंट धरला तर पहिलीत १.२ व्होल्ट जातात, दुसरीत पाव व्होल्टही जात नाही. एलईडी दिव्यात ड्रायव्हर असतो, तो व्होल्टेज घटलं तरी उजेड सांभाळतो, पण त्यासाठी जास्त करंट ओढतो. म्हणून तिथेही वायर बारीक ठेवून चालत नाही. प्रत्येकी २० वॉटच्या दिव्यांच्या जोडीला साडेतीन अँपिअरच्या आसपास लागतात, तिला दीड चौरस मिलिमीटरची वायर आणि ५ अँपिअरचा फ्यूज ठीक आहे.

जोड क्रिम्प करा, म्हणजे धातूच्या नळीत वायर घालून पक्कडीने दाबा, आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसतं सोल्डर केलेली वायर सतत थरथरणाऱ्या गाडीवर सोल्डर संपतं तिथे कडक होऊन तुटते. वायर चिमटून टॅप करणारे प्लास्टिकचे जोड चिखलपाण्याच्या गाडीवर वापरू नका. कपलर पाणी अडवणारे, रबरी सील असलेले घ्या. वायर ओढताना हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून बघा. सायलेन्सरपासून लांब ठेवा, फ्रेमच्या धारेवरून जात असेल तिथे नळी चढवा.

हे मी एवढ्या आग्रहाने का सांगतोय? माझ्या एका गाडीवर मी मूळ हेडलाइट आणि नवे दिवे सगळे एकाच फ्यूजवर घेतले होते. स्टिअरिंगच्या दांड्यापाशी एक वायर घासत होती, ते मला दिसलं नाही. उतारावर, ताशी चाळीसच्या वेगात, ती फ्रेमला टेकली आणि एका क्षणात सगळं काळं झालं. डोळे उजेडाला सरावलेले, त्यामुळे तारेही दिसेनात. गाडी सरळ धरून, फक्त मागचा ब्रेक दाबत मी थांबलो. तो वीस-पंचवीस मीटरचा पट्टा मला आजही आठवतो. तेव्हापासून माझ्या गाडीवर दोन स्वतंत्र सर्किट असतात. मूळ हेडलाइट मूळ फ्यूजवर, नवे दिवे वेगळ्या फ्यूजवर, आणि हेल्मेटच्या दिव्याला स्वतःची बॅटरी. तिन्ही एकदम जाण्याची शक्यता जवळपास उरत नाही. तुम्हीही असंच करा.

दिवे निवडताना डब्यावरचे लुमेन, म्हणजे एकूण उजेडाचा आकडा, वाचू नका. ६० वॉटच्या बारवर २०,००० लुमेन छापलेले दिसतील. भाग देऊन बघा, वॉटला ३३३ लुमेन झाले. बाजारातल्या पांढऱ्या एलईडी चिप्स पूर्ण जोरात चालवल्या तर वॉटला १०० ते १५० लुमेन देतात, आणि लेन्समधून बाहेर येईपर्यंत त्यातलेही काही जातात. खरा करंट मोजा, व्होल्टेजने गुणा, आलेल्या वॉटला शंभरने गुणा. त्याहून फार मोठा दावा असेल तर तो दिवा घेऊ नका. चांगला उत्पादक झोताचा नकाशा देतो: किती मीटरवर किती लक्स, म्हणजे तिथल्या वस्तूवर किती उजेड पडतो. कॅटलॉगमध्ये बहुधा १ लक्सचं अंतर छापतात, पण पौर्णिमेचं चांदणं सुमारे पाव लक्स असतं हे ध्यानात घेतलं की १ लक्सवर वेगात काही ओळखू येणार नाही हे कळेल. मी स्वतः ५ लक्सच्या अंतरावर भरवसा ठेवतो. ८० मीटरवर ५ लक्स हवे असतील तर ८० गुणिले ८० गुणिले ५, म्हणजे ३२,००० कँडेला एवढी झोताची तीव्रता लागते. १ लक्सचा आकडा दिला असेल तर त्याला सव्वादोनाने भागा, ५ लक्सचं अंतर मिळतं.

चार्जिंगच्या मोजमापात तेवढा वाव निघाला तर तुमच्यासाठी प्रत्येकी २० वॉटचे दोन दिवे पुरेत. एक मध्यम झोताचा, ज्याला ड्रायव्हिंग बीम म्हणतात, आणि दुसरा आडवा रुंद. आठ-दहा अंशांचा सुईसारखा स्पॉट क्वाडवर मला आवडत नाही, त्याचं कारण कोन लावण्याच्या भागात सांगतो. मागे उष्णता सोडणाऱ्या जाड ॲल्युमिनियमच्या पट्ट्या (फिन्स) असाव्यात, कारण हळू चालताना वारा नसतो आणि तापलेला एलईडी स्वतःचा उजेड कमी करून घेतो. आयपी ६७ किंवा त्यावरचं सील हवं. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास; पण प्रेशर वॉशरचा फवारा ही वेगळी परीक्षा आहे, तेव्हा धुताना नळी दिव्याच्या कडेवर रोखू नका. जास्त वॉटचा हॅलोजन बल्ब हा सोपा मार्ग वाटतो, पण प्लास्टिकचा आरसा आणि होल्डर त्या उष्णतेला वितळतात. झेनॉन एचआयडीचा, म्हणजे तारेऐवजी वायूत ठिणगी पेटवून उजेड देणाऱ्या बल्बचा, काळ माझ्या मते संपला: पेटायला वेळ घेतं, पेटताना करंटचा धक्का देतं आणि अप्पर-डिपरच्या चालू-बंदला टिकत नाही.

दिवा कुठे लावायचा यावर मी सर्वात जास्त वेळ घालवतो. जमिनीवरचा खळगा आपल्याला त्याच्या सावलीमुळे दिसतो. दिवा डोळ्यांपेक्षा बराच खाली असेल तर प्रत्येक दगडामागे, चाकोरीच्या प्रत्येक काठाला सावली पडते आणि जमिनीचे चढउतार उठून दिसतात. दिवा डोळ्यांच्याच रेषेत असेल तर सावली वस्तूच्या मागे लपते, जमीन सपाट कागदासारखी दिसते आणि हातभर खोल खड्डाही नजरेतून सुटतो. म्हणून मुख्य दिवे बंपरच्या उंचीवर असावेत आणि हेल्मेटचा दिवा मदतनीस असावा, त्याउलट नको. मात्र फार खाली लावले तर छोटा गोटाही मोठी सावली टाकून डोंगराएवढा वाटतो आणि पहिला चिखल थेट काचेवर बसतो. मूळ हेडलाइटच्या उंचीपेक्षा थोडं खाली, ही माझी पसंतीची जागा.

हँडलवर लावलेला दिवा हँडलबरोबर वळतो. हळू वेगात, अरुंद वळणावर ते सोयीचं पडतं. पण तुमची स्पोर्ट क्वाड मागून घसरवत वळण घेत असाल तर हँडल वळणाच्या उलट दिशेला असतं, आणि नेमका त्याच क्षणी उजेड वळणाबाहेरच्या झाडीत जातो. बॉडीवरचा दिवा तेव्हा गाडीच्या नाकाबरोबर वळणाच्या आत असतो. रुंद दिवा बॉडीवर पक्का ठेवा, आणि वळणात आत बघायचं काम हेल्मेटच्या दिव्याला द्या. तो तुमच्या मानेबरोबर फिरतो, म्हणून फार मोठा लागत नाही. हलका असणं महत्त्वाचं, कारण दोन तासांनी मान बोलू लागते. ब्रॅकेट जाड पत्र्याचा आणि नायलॉक (थरथरीने सैल न होणाऱ्या) नटांचा हवा. थरथरणारा झोत तासाभरात डोकं चढवतो.

कोन लावणं हे बिनखर्चाचं काम आहे, आणि बहुतेक जण तेच टाळतात. सपाट जमिनीवर, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. टायरची हवा नेहमीएवढी असू द्या, आणि तुम्ही पूर्ण सामानासह सीटवर बसा. खुणा दुसऱ्या कोणाला करायला सांगा. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर तेवढ्या उंचीला टेप लावा. दिवा ८० सेंटिमीटर उंचीवर असेल आणि भिंतीवर झोताचा गाभा टेपच्या १० सेंटिमीटर खाली पडत असेल, तर तो जमिनीला ८० मीटरवर टेकेल. २० सेंटिमीटर खाली असेल तर ४० मीटरवर. तुमचा वेग आणि थांबण्याचं अंतर मघाशी काढलंय, त्यावरून आकडा ठरवा.

सीटवर बसूनच हे का करायचं? क्वाडच्या पुढच्या-मागच्या चाकांत सव्वा मीटरच्या आसपास अंतर असतं. मागचं सस्पेन्शन २ सेंटिमीटर जास्त दबलं तरी नाक जवळपास एक अंश वर उठतं, आणि १० मीटरवर झोत १६ सेंटिमीटर वर जातो. म्हणजे ८० मीटरवर जमिनीला टेकणारा झोत थेट आकाशात. नुसती रेस दिली तरी हे घडतं. सुईसारखा स्पॉट याच कारणाने क्वाडवर नाचतो. मध्यम झोतात वरखाली थोडी जाडी असते, म्हणून नाक हललं तरी काहीतरी उजेड वाटेवर राहतो. मागे सामान बांधणार असाल तर त्या दिवशी कोन पुन्हा बघा.

धुळीत आणि धुक्यात नियम बदलतात. तिथे उजेड कणांवर आदळून डोळ्यांकडे परत येतो, आणि दिवा डोळ्यांच्या जितका जवळ तितका हा पडदा दाट. पुढच्या गाडीची धूळ आली की सर्वात आधी हेल्मेटचा दिवा बंद करा. मग लांबचा झोत. खाली लावलेला रुंद दिवा तेवढा ठेवा. पिवळसर उजेड धूळ भेदतो असं म्हणतात, पण धुक्याचे थेंब आणि धुळीचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की रंगाने भेदण्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो डोळ्यांच्या त्रासात, कारण निळसर पांढरी चकाकी जास्त खुपते. साडेसहा हजार केल्विनचे निळे दिवे टाळून पाच हजारांच्या आसपासचे घ्या, आणि रुंद दिव्यावर पिवळं कव्हर मिळालं तर लावा. म्हणूनच प्रत्येक दिव्याला वेगळा स्विच हवा, आणि तो हातमोज्यातून, न बघता चाचपता आला पाहिजे.

गॉगल स्वच्छ पारदर्शक काचेचा आणि नवा असू द्या. ओरखडे पडलेली काच समोरून आलेल्या एका दिव्याचे शंभर तुकडे करते, आणि त्यापुढे तुमची सगळी वायरिंगची मेहनत फुकट जाते. मागचा लाल दिवाही तपासा, कारण धुळीत मागून येणाऱ्याला तोच काय तो दिसतो. सार्वजनिक रस्त्यावर जादा बसवलेले दिवे बंद किंवा झाकलेले ठेवावे लागतात असा नियम अनेक देशांत आहे. तुमच्याकडचा नियम बघून कव्हर सोबत ठेवा. वाटेत समोरून कोणी आलं तर आधी नवे दिवे बंद करून डिपरवर या, हेल्मेटचा दिवा त्यांच्या तोंडावर जाणार नाही अशी मान खाली घ्या.

सगळं बसवून झाल्यावर पहिल्या रात्री ओळखीच्या वाटेवरच जा, जिथले दगड तुम्हाला दिवसा पाठ आहेत. एखाद्या ओळखीच्या दगडापासून ८० पावलं मोजून उभे राहा आणि एकेक दिवा चालू-बंद करून बघा, कोणत्या दिव्याने तो दगड दिसतो आणि कोणत्या दिव्याने फक्त चाकांपुढची माती उजळते. दुसऱ्या प्रकारचा दिवा थोडा वर करा किंवा मंद करा. मग अर्धा तास हळू चालवा, पंखा सुरू होऊ द्या आणि हँडलवरचा व्होल्टमीटर वाचा. तेव्हाचा आकडा, बॅटरीवरचं आणि होल्डरवरचं व्होल्टेज आणि मॅन्युअलमधले स्टेटरचे वॉट मला कळवा. त्यावरून तिसऱ्या दिव्याला जागा आहे की नाही, ते सांगता येईल.